साबण थोडा, पाणी स्वच्छ



आगमनकाळ जवळ आला की आपल्या घरांत आणि चर्चमध्ये साफसफाई सुरू होते. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात पावसाळा संपता संपत नाही. वाऱ्याबरोबर उडालेले लाल मातीचे शिंतोडे काचांवर वाळून बसतात, आणि नंतर त्यावर थंडीतली धूळ चढते. खिडक्या धुण्याच्या सेवेला आमच्याकडे मराठी, कोंकणी, कन्नड अशा तिन्ही भाषा बोलणारी कुटुंबे येतात. प्रश्न मात्र दरवर्षी सगळ्यांचा एकच असतो: "एवढे घासले, तरी काचेवर फराटे कसे राहिले?"

याचे उत्तर साधे आहे. ते आधी घरच्या कामासाठी सांगते, मग त्यातून मला जे उमगले ते.

काचेवरचे फराटे बहुधा मळाचे नसतात. मळ पहिल्या एक-दोन हातांतच निघतो. मागे राहतो तो साबण. पाणी वाळून उडून जाते, पण त्यात विरघळलेला साबण उडत नाही; तो काचेवरच पातळ थर होऊन बसतो आणि उजेड पडला की दिसू लागतो. पाणी बोअरवेलचे असेल तर त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षारही पांढरे ठिपके होऊन राहतात. भर उन्हात काच धुतली तर आपण पुसायच्या आधीच पाणी वाळते आणि जे असेल ते तिथेच चिकटते. म्हणजे काच मळकट दिसते ती पुष्कळदा आपण लावलेल्या वस्तूमुळेच.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. ऊन नसलेल्या बाजूने सुरुवात करावी. आधी कोरड्या ब्रशने किंवा फडक्याने चौकट, कोपरे आणि जाळी झाडून घ्यावी. कोरडी धूळ भिजली की तिचा चिखल होतो आणि काम दुप्पट वाढते. मग अर्ध्या बादली पाण्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे फक्त काही थेंब टाकावेत. फेस दाटून आला तर साबण जास्त झाला असे समजावे. त्या पाण्याने काच पुसल्यावर दुसऱ्या बादलीतल्या स्वच्छ पाण्याने पुन्हा पुसावी. ही दुसरी बादलीच लोक टाळतात, आणि फराटे तिथेच राहतात. मग वायपर वरून खाली ओढावा आणि प्रत्येक ओढीनंतर त्याचे रबर पुसून घ्यावे. शेवटी कडा जुन्या, अनेकदा धुतलेल्या सुती कपड्याने कोरड्या कराव्यात. नव्या कपड्याचे तंतू काचेवर राहतात. रद्दीच्या कागदाचे तंतू राहत नाहीत, पण शाई हाताला आणि पांढऱ्या रंगाच्या चौकटीला लागते. आतली बाजू आडवी आणि बाहेरची उभी पुसली की राहिलेला फराटा कोणत्या बाजूचा आहे ते लगेच कळते.

क्षाराचे पांढरे ठिपके साबणाने जात नाहीत. त्यासाठी पांढरे व्हिनेगर आणि पाणी सारखे घेऊन लावावे, थोडा वेळ थांबावे आणि साध्या पाण्याने धुवावे. माडाच्या सुरेचे व्हिनेगर स्वयंपाकासाठीच ठेवावे. काचेला रंगहीन, स्वच्छ व्हिनेगर बरे. हल्ली काहीजण व्हिनेगरमध्ये खाण्याचा सोडा मिसळतात. फसफस पाहून वाटते की मोठे काम चालले आहे. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांना निकामी करतात, आणि उरते ते खारट पाणी, जे वाळल्यावर पुन्हा पांढरा डागच सोडते. जड अंतःकरणाच्या माणसापुढे गाणी गाणे किती चुकीचे, हे सांगताना नीतिसूत्रांच्या लेखकाला सोड्यावर ओतलेली आंबच आठवावी (नीतिसूत्रे 25:20), याचे मला फार नवल वाटते. तिथे आवाज होतो, फेस येतो, पण कुणाचे भले होत नाही.

आणखी एक जपावे. व्हिनेगर संगमरवराला लागू देऊ नये. आम्लाने दगडाची झळाळी जाते. चर्चमध्ये वेदीजवळ काम करताना हे विशेष लक्षात ठेवावे. रंगवलेल्या जुन्या काचांना तर साबण आणि व्हिनेगर दोन्ही नकोत. मऊ ब्रशने धूळ झाडणे पुरे. गोव्यातल्या जुन्या घरांत आणि चर्चमध्ये काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेल्या खिडक्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यांतून बाहेरचे काही दिसत नाही, पण आत दुधासारखा सौम्य उजेड येतो. शिंपला आणि संगमरवर मुळात एकाच द्रव्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे. काचेला उजळवणारे व्हिनेगर शिंपल्याला झिजवते. शिंपला काच होऊ शकत नाही आणि त्याने व्हायलाही नको. त्याच्यातून येणारा उजेडही देवाचाच आहे.

आता मला उमगले ते सांगते.

काही वर्षांपूर्वी, आमच्या नव्हे पण ओळखीच्या एका धर्मग्रामात, एक तरुण पुष्कळ दिवसांनी पुन्हा मिस्साला येऊ लागला. मध्यंतरी तो दारूच्या आहारी गेला होता. मोठ्या कष्टाने त्यातून बाहेर पडला. पहिल्या रविवारी त्याला पाहून सगळ्यांना आनंद झाला. पण मिस्सा संपल्यावर एकाने विचारले, "इतके दिवस कुठे होतास?" दुसऱ्याने खांद्यावर हात ठेवून बजावले, "आता पुन्हा त्या वाटेला जाऊ नकोस." तिसऱ्या रविवारी एका काकूंनी सर्वांसमोर त्याच्या आईच्या अश्रूंचा हिशेब मांडला. कुणाच्याही मनात वाईट नव्हते. प्रत्येकाने प्रेमानेच थोडा थोडा साबण लावला. धुवायला मात्र कुणीच आले नाही. दोन महिन्यांत तो येईनासा झाला. आई अजूनही एकटीच त्या बाकावर बसते. ती एकदा म्हणाली, "बाई, दारूने त्याला सोडले, पण लोकांनी नाही सोडले."

हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. मळ केव्हाच निघाला होता. राहिले होते ते आपल्या उपदेशाचे फराटे.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायात घरी परतणारा मुलगा वाटेवर माफीची वाक्ये तयार करतो. त्यात शेवटी मोलकरी म्हणून ठेवून घेण्याची विनंती आहे. बाप मात्र ती विनंती त्याच्या तोंडून बाहेर पडू देत नाही. पैसे कुठे गेले, संगत कोणाची होती, हे विचारतही नाही. झगा, अंगठी, जोडे आणि जेवण मागवतो. थोरल्या भावाला मात्र सगळा हिशेब पाठ आहे. मंडळीत आपण बहुतेक वेळा कोणाच्या जागी उभे असतो, हे ज्याने त्याने प्रार्थनेत देवासमोर तपासावे.

याचा अर्थ चूक दाखवूच नये असा नाही. पौलाने गलतीकरांना लिहिले आहे की अपराधात सापडलेल्याला सावरायचे ते सौम्यतेने, आणि स्वतःवरही नजर ठेवून (गलतीकरांस 6:1). साबण लागतो, पण थेंबभर. आणि बोलणारा एकच असावा, ज्याचा त्या माणसाशी खरा जिव्हाळा आहे असा. बाकीच्यांनी दुसरी बादली व्हावे: शेजारी जागा करून द्यावी, गीतांचे पुस्तक पुढे करावे, चहाला थांबवून घ्यावे. कोण काच आहे, कोण शिंपला, तेही ओळखावे. एकाला जे बोलणे सहज मानवते, त्यानेच दुसरा झिजतो.

नाताळच्या रात्रीच्या मिस्साला प्रत्येक चर्चमध्ये मागच्या बाकांवर काही चेहरे वर्षभरानंतर दिसतात. कुणी घर सोडून गेलेला, कुणी धर्माबाहेर लग्न केलेली, कुणी नुसताच दुरावलेला. यंदा त्यांना "कुठे होतात?" हा प्रश्न आपण विचारायचा नाही, एवढा निश्चय करू या. "आलात, बरे वाटले" एवढेच पुरे.

प्रार्थना करू या: हे प्रभू येशू, तू आमचा मळ धुतलास आणि मागे ओरखडाही ठेवला नाहीस. आम्ही एकमेकांना हात लावू तेव्हा तो हलका असू दे. जे आमच्या शब्दांमुळे दुरावले आहेत त्यांना तूच शोध, आणि ते परत येतील तेव्हा आमच्या ओठांवर पहारा ठेव. आमच्यातून तुझा उजेड दिसावा, आम्ही नव्हे. आमेन.