वेणी

मुखेडला आल्यापासून रोज सकाळी थोरल्या जाऊबाई माझी वेणी घालतात. उजवा हात प्लास्टरमध्ये. दुसरा इलाज नाही. मला सैल वेणी आवडते, त्या घट्ट ओढतात. सुरुवातीला सांगून पाहिलं. आता गुमान मान पुढे करून बसते. तेवढ्यात प्रार्थना करावी म्हटलं, तर देवापुढे मान अशी सैल सुटत नाही. ‘सगळं तुझ्या हाती’ म्हणते आणि लगोलग सूचना द्यायला लागते. फार वाईट वाटून घेत नाही. गेथशेमाने बागेत येशूनेही प्याला दूर कर म्हणून आधी विनवलंच होतं.

दुपारी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचते. त्यांचे पती नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. 1917 साली मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा करायला निघाले. मोठंच समर्पण. पण माझा जीव अडकतो तो लक्ष्मीबाईंत. नवऱ्याने हातातलं वाटून टाकायचं आणि चूल यांनी पेटती ठेवायची, तीही रोज! स्वतः बाप्तिस्मा घ्यायला त्यांनी पाच वर्षं लावली. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून मागोमाग नाही झाल्या. ही सावकाशी मला समर्पणाच्या आड येणारी वाटत नाही. का, ते अजून नीट उमगलेलं नाही.

सोयाबीन काढून रानात पडलंय आणि आभाळ भरून आलंय. त्यावरून सकाळपासून देवाशी हुज्जत चाललीय. जाऊबाई म्हणाल्या, “पुरे आता. डावा हात तरी लाव की ताडपत्रीला.”