रुंबकची थंडी आणि खिशातली ऊब

फेब्रुवारी महिन्यात लडाखला जाणारे प्रवासी मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काही गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालायला जातात आणि काही हिमबिबट्याच्या शोधात जातात. आम्ही तिघे, म्हणजे माझे थोरले बंधू, त्यांचा मुलगा आणि मी, दुसऱ्या प्रकारात मोडत होतो. सांगलीच्या हळदीच्या पेढीवरून उठून थेट उणे वीस अंशांत जाणे हा आमच्या घरच्या मंडळींना वेडेपणाच वाटला. पण पुतण्याला वन्यजीवांच्या छायाचित्रणाचा नाद आहे आणि दादांनाही तरुणपणापासून कॅमेऱ्याची आवड. तेव्हा दोन पिढ्यांचे दोन कॅमेरे आणि माझी दुर्बीण असा लवाजमा निघाला.

लेह शहर सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर वसलेले आहे. विमानातून उतरल्यावर किमान दोन दिवस काहीही न करता विश्रांती घ्यावी लागते. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला तेवढा अवधी हवाच. हे दोन दिवस आम्ही सामान लावण्यात घालवले, आणि त्या सामानात सर्वाधिक चर्चा झाली ती बॅटऱ्यांची. पुतण्याच्या मिररलेस कॅमेऱ्याच्या सहा, दादांच्या जुन्या डीएसएलआरच्या तीन. दोघांच्याही कॅमेऱ्यांना खालच्या बाजूने ‘बॅटरी ग्रिप’ जोडलेली होती.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ग्रिप कॅमेऱ्याच्या तळाशी, तिवईच्या स्क्रूच्या जागी बसते. काही कॅमेऱ्यांत आधी बॅटरीचे झाकण काढून ग्रिपचा दांडा त्या खोबणीत सरकवावा लागतो आणि मग ग्रिपच्या तबकात दोन बॅटऱ्या बसतात. काहींत एक बॅटरी कॅमेऱ्यातच राहते आणि दुसरी ग्रिपमध्ये जाते. अशा रचनेत आतली बॅटरी बदलायची तर ग्रिप सोडवावी लागते. ग्रिपवर शटरचे बटण आणि चकत्या पुन्हा दिलेल्या असतात. त्यामुळे कॅमेरा उभा धरला तरी उजवे कोपर हवेत वर उचलावे लागत नाही, नेहमीप्रमाणेच हात राहतो. जाड हातमोज्यांतही पकड घट्ट बसते. मोबदल्यात गळ्यात पाव-अर्धा किलोचे ओझे वाढते. काही कॅमेऱ्यांना ग्रिपमुळे वेगही मिळत असे. निकॉनच्या डी७०० चा वेग सेकंदाला ५ चित्रांचा होता; ग्रिपमध्ये मोठी बॅटरी किंवा आठ पेन्सिल सेल घातले की तो ८ चित्रांवर जाई.

विमानप्रवासाचा नियम इथेच सांगून ठेवतो, कारण तो दरवेळी उपयोगी पडतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या मोठ्या सामानात टाकायच्या नाहीत, हातातल्या पिशवीतच ठेवायच्या. १०० वॅट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. हा आकडा काढणे पेढीवरच्या हिशेबाइतकेच सोपे आहे: व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचे. पुतण्याच्या सोनी एनपी-एफझेड१०० बॅटरीचे ७.२ व्होल्ट आणि २.२८ अँपिअर-तास, म्हणजे सुमारे १६.४ वॅट-तास. मर्यादेच्या पुष्कळ आत. मात्र प्रत्येक बॅटरीच्या धातूच्या टोकांवर झाकण हवे. किल्ली किंवा नाणे त्यांना लागले तर दोन्ही टोके जोडली जाऊन आग लागू शकते.

तिसऱ्या दिवशी सिंधू ओलांडून झिंगचेनपर्यंत गाडीने गेलो आणि तेथून रुंबकपर्यंत पायी. दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी कडे, मध्ये गोठलेला ओढा आणि त्या बर्फाखालून येणारी पाण्याची बारीक कुजबुज. हा सारा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८१ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरवर पसरलेले असून क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे आहेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. हिवाळ्यात भरल, म्हणजे निळ्या मेंढ्या, खालच्या उतारांवर येतात आणि त्यांच्या मागोमाग हिमबिबट्याही उतरतो. तोच त्यांच्या जोड्या जुळण्याचाही काळ असतो. म्हणून ज्याला तो पाहायचा त्याने थंडी सोसायची.

रुंबक हे मोजक्या घरांचे गाव. घराघरांत पाहुण्यांची सोय असते. पूर्वी हिमबिबट्या गोठ्यात शिरला की एका रात्रीत कितीतरी मेंढ्या मारून टाकी आणि गावकरी त्याला शत्रू मानत. मग गोठ्यांवर जाळीची छपरे आली, पाहुण्यांच्या निवासातून उत्पन्न सुरू झाले, आणि ज्या जनावरामुळे नुकसान होई त्याच्यामुळेच चार पैसे घरात येऊ लागले. पाहुणे घरांमध्ये पाळीपाळीने वाटून देण्याची पद्धतही इथे रुजली, जेणेकरून एकाच घराची भरभराट होऊन शेजारी कोरडा राहू नये. दादांना ही व्यवस्था फार आवडली. “बाजारपेठेत हे जमले असते तर किती भांडणे मिटली असती,” असे ते म्हणाले.

आम्ही उतरलो त्या घरी वीज सौर पट्ट्यांवरची होती. संध्याकाळी दोन-तीन तास दिवे आणि एका वेळी एकच चार्जर. आल्यानंतर सलग दोन दिवस आभाळ भरून राहिले. पट्ट्यांवर बर्फ साचले आणि वीज आणखी आटली. इथे बॅटरी ही रोकड झाली.

थंडीत बॅटरी का दगा देते याचे कारण साधे आहे. लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभार वाहून नेणारे कण एका द्रवातून प्रवास करतात. थंडीने तो द्रव दाट होतो, कणांची चाल मंदावते, आतला अवरोध वाढतो आणि मागणी येताच व्होल्टेज कोसळते. कॅमेऱ्याला वाटते की बॅटरी संपली, आणि तो बंद पडतो. प्रत्यक्षात बराचसा भार आत शिल्लकच असतो. तीच बॅटरी अंगाच्या उबेत अर्धा तास ठेवली तर पुन्हा थोडे काम देते. दुसरी गोष्ट अधिक जपण्याची. शून्याखालच्या तापमानाची बॅटरी तशीच चार्जरला लावू नये. तसे केल्यास आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची अशक्त होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. कॅमेरा चुलीच्या उबेत आणण्यापूर्वी बॅटरी आणि कार्ड काढून घ्यावे आणि कॅमेरा बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा, म्हणजे दव पिशवीवर बसते, भिंगावर बसत नाही.

यावरून काका-पुतण्यांत रोज वाद होई. पुतण्याचे म्हणणे, ग्रिपमध्ये दोन भरलेल्या बॅटऱ्या असल्या की ऐन वेळी हातमोजे काढून अदलाबदल करावी लागत नाही. बोटे बधिर होत नाहीत, क्षण हुकत नाही. माझे म्हणणे, ग्रिपमधल्या दोन्ही बॅटऱ्या दिवसभर एकत्रच गारठतात; खिशातली एक गरम बॅटरी ग्रिपमधल्या दोन थंड बॅटऱ्यांना भारी आहे. शेवटी निवाडा दादांनी दिला. “दिवसाच्या उलाढालीपुरते गल्ल्यात ठेवावे, बाकीचे तिजोरीत. सगळी रोकड गल्ल्यात ठेवणारा आणि सगळी तिजोरीत ठेवणारा, दोघांचेही गिऱ्हाईक परत जाते.” त्यांनी प्रत्येक बॅटरीवर चिकटपट्टी लावून क्रमांक घातला, भरलेल्या डाव्या आतल्या खिशात आणि संपलेल्या उजव्या खिशात असा नेम लावला. रात्री त्या सगळ्या लोकरी मोज्यात बांधून पांघरुणात घेतल्या जात.

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्याने मात्र आम्हां दोघांनाही गप्प केले. डीएसएलआरच्या दर्शकातून पाहताना आरशातून प्रत्यक्ष प्रकाश डोळ्यांत येतो, त्याला वीज जवळजवळ लागत नाही. मिररलेस कॅमेऱ्याचा दर्शक हा एक छोटा पडदाच असतो. पाहत राहिले तरी बॅटरी खर्च होते. हिमबिबट्याच्या वाटेत तर नव्वद टक्के वेळ वाट पाहण्याचा. दादांची पहिली बॅटरी तीन दिवस चालली.

मुक्कामाच्या शेवटच्या आदल्या संध्याकाळी हिशेब असा होता: पुतण्याकडे चार भरलेल्या बॅटऱ्या, एक अर्धी, एक रिकामी. हिमबिबट्याचे पावलांचे ठसे पाहिले होते, त्याला मात्र पाहिले नव्हते. त्याच वेळी घरच्या सुनेने अडखळत विचारले, “आबी-लेंचा एक फोटो काढाल का?” आबी-ले म्हणजे घरातली आजी. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे एकही चांगले चित्र घरात नव्हते. मोबाइलवर काढलेले होते ते मोबाइलसोबतच गेले.

पुतण्या क्षणभर थांबला. त्याची नजर खिशाकडे गेलेली मी पाहिली. तीन वर्षे पैसे साठवून तो या एका दिवसासाठी आला होता. दादा काही बोलले नाहीत. त्यांची पोर्ट्रेटसाठी लागणारी भिंग आणलेलीच नव्हती, हे त्यालाही ठाऊक होते. मग तोच म्हणाला, “उद्याचे उद्या बघू, काका.”

आबी-ले नवा गोन्चा नेसून, फिरोजी खड्यांची माळ घालून अंगणात आल्या. पाठीमागे बर्फावर शेवटचे ऊन होते. पुतण्याने कॅमेरा उभा धरला, ग्रिपवरच्या बटणावर बोट ठेवले आणि सावकाश, घाई न करता चित्रे काढली. तेवढ्यात शेजारची म्हातारी आली, मग तिचा नवरा, मग कुणाचे नातवंड. एका चित्राची अकरा झाली. तास-सव्वा तासाने अंधार पडला तेव्हा एक भरलेली बॅटरी पूर्ण संपली होती आणि अर्धीही बरीच खाली आली होती. त्या रात्री वीज दिव्यांनाच कशीबशी पुरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास वाटाड्याने समोरच्या उतारावर बोट दाखवले. खडकावर, खडकाच्याच रंगाचा, तो झोपला होता. दुर्बिणीतून त्याची जाड शेपटी अंगाभोवती गुंडाळलेली दिसली. अंतर पाच-सहाशे मीटर. त्यानंतर साडेसहा तास तो झोपून राहिला आणि आम्ही बसून राहिलो. पुतण्या कॅमेरा बंद ठेवी, तरी दर थोड्या वेळाने डोकावण्यात ग्रिपमधल्या दोन्ही बॅटऱ्या दुपारपर्यंत गारठून संपत आल्या. साडेतीन वाजता हिमबिबट्या उठला, अंग ताणले आणि चालू लागला. पुतण्याने डाव्या खिशातली शेवटची गरम बॅटरी तबकात सरकवली. पाऊण तास तो प्राणी उतार तुडवत होता आणि पाऊण तास कॅमेरा चालला. हवी तशी चित्रे मिळाली. मग दर्शक काळा झाला. उजव्या खिशात उबवलेल्या ‘संपलेल्या’ बॅटरीने आणखी पंधरा-वीस चित्रे दिली आणि तीही थांबली.

यानंतर हिमबिबट्या कड्याच्या माथ्यावर चढला. मावळतीच्या प्रकाशात त्याची कड सोनेरी झाली, त्याने एकदा मागे वळून पाहिले आणि तो पलीकडे उतरला. हे चित्र पुतण्याजवळ नाही. आदल्या संध्याकाळची बॅटरी हाताशी असती तर ते असते, हे तिघांनाही कळत होते. कुणी ते बोलून दाखवले नाही. दादांच्या कॅमेऱ्यात भार होता, पण त्यांची भिंग एवढ्या दूरवर पोहोचणारी नव्हती.

मार्चमध्ये आबी-लेंचे मोठे चित्र आणि शेजाऱ्यांची दहा चित्रे छापून वाटाड्याच्या पत्त्यावर पाठवली. एप्रिलमध्ये त्याच्याकडून निरोप आला: सगळी घराघरांत पोहोचली, आबी-लेंचे चित्र चुलीच्या वरच्या भिंतीवर लावले आहे.

लडाखला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या आपल्या मंडळींना एवढेच सांगेन: ग्रिप जरूर घ्या, उभ्या चित्रांसाठी आणि हातमोज्यांसाठी तिच्यासारखी सोय नाही. पण बॅटऱ्या मोजताना ग्रिपमधल्या दोन धरून जितक्या लागतील असे वाटते त्याहून दोन जास्त घ्या आणि त्या अंगाशी ठेवा. त्यांतली एक जनावरासाठी. दुसरी गावासाठी, कारण ज्यांच्या चुलीजवळ तुम्ही ऊब घेणार, त्यांच्यापैकी कुणीतरी तुम्हांला फोटो मागणार हे नक्की.