जी देतील ती

२०१९ साली भारतीय लष्करानं सीमेवरच्या जवानांसाठी ७२,४०० अमेरिकन सिग ७१६ रायफली घ्यायचा करार केला. बातमी वाचून मामा म्हणाले, "म्हणजे परत सात बासष्टच की!" मामा सातारा जिल्ह्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची सुरुवात त्यांनी एसएलआरवर केली आणि शेवट इन्सासवर.

एसएलआरची गोळी ७.६२ मिलिमीटरची, इन्सासची ५.५६. पहिल्याचं एक काडतूस साधारण २४ ग्रॅम भरतं, दुसऱ्याचं १२. शंभर काडतुसांमागे सुमारे १.२ किलोचा फरक पडतो. कागदावर तो किरकोळ वाटतो. "चढावर कळतो," मामा म्हणतात. हलक्या गोळीचा खांद्याला दणका कमी बसतो, नव्या रंगरुटाचा नेम लवकर बसतो, आणि तेवढ्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या नेता येतात. या हिशेबानं जगभरच्या सैन्यांनी लहान गोळी स्वीकारली. नव्वदच्या दशकात आपणही स्वीकारली.

तिच्या बाजूनं आणखी एक युक्तिवाद केला जातो. मेलेला शत्रू एकच माणूस कमी करतो; जखमी झालेला त्याला उचलणाऱ्या दोघांनाही लढाईतून बाहेर काढतो. काश्मीरमध्ये हे गणित उलटलं. घरात दबा धरून बसलेल्या अतिरेक्याला उचलून न्यायला कुणी येत नाही. तो जखमी झाला तरी गोळ्या झाडतच राहतो. म्हणून तिथल्या जवानांनी एके-४७ जवळ केली. माणूस मरत नाही, हा गोळीचा आधी गुण होता, मग तोच दोष ठरला. दोन्ही वेळा तक्ता मांडणारे सज्जन, अभ्यासू लोकच असणार. हे वाचताना मी दर वेळी थबकते. मामांना एकदा विचारलं, तुमच्या गोळीनं काय झालं ते कधी पाहिलंत का? त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि इन्सासच्या मॅगझिनबद्दल बोलायला लागले. कारगिलच्या थंडीत ती तडकल्याच्या तक्रारी सर्वांना ठाऊक आहेत. मी पुन्हा विचारलं नाही.

२०११मध्ये लष्करानं दोन नळ्यांच्या रायफलीसाठी निविदा काढली होती. नेहमीच्या युद्धाला ५.५६ची नळी, अतिरेक्यांशी लढताना ७.६२ची. "अंधारात कोण बदलत बसणार?" मामा हसले होते. २०१५मध्ये ती निविदा रद्द झाली. पुढे सिग आली, आणि डिसेंबर २०२१मध्ये अमेठीजवळच्या कोरवा इथं सहा लाखांवर एके-२०३ बनवण्याचा करार झाला. दोन्ही ७.६२च्या, पण सिगच्या काडतुसाची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, एकेची ३९. एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही. जुनी इन्सास धरली तर एकाच सैन्याला तीन प्रकारची काडतुसं पुरवायची. लांबच्या डोंगरधारेवर मारा करायचा तर एक, घरात शिरायचं तर दुसरं, हे समजण्यासारखं आहे. पण रात्री चौकीवर चुकीची पेटी पोचली, तर ते त्या रात्रीच्या पहाऱ्यावरच्या पोराला भोगावं लागेल.

निविदेपासून कोरव्याच्या करारापर्यंत दहा वर्षं गेली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. म्हणजे एक रायफल ठरेपर्यंत अशा अडीच पिढ्या येऊन जातील.

मामांचा नातू सध्या भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतो. परवा त्यानं उत्साहानं विचारलं, "आबा, मला कुठली मिळंल?"

"जी देतील ती," मामा म्हणाले, आणि त्याच्या बुटांचे तळवे झिजलेत का ते उलटून बघायला लागले.