वेताळाचं बालपण

'द वॉकिंग डेड' या चालत्या मुडद्यांच्या कॉमिक्सवर २०११ पासून कादंबऱ्याही निघाल्या. सुट्टीत भाईंदरला आलेला नातू विचारतो, "आजी, त्यात वेगळं काय असणार?"

मला १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला आपला वेताळ आठवला. बाप गेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, म्हणून लोकांना वाटतं वेताळ अमर आहे. चित्रांत हे दोन चौकटींत उरकतं. त्याचे जनक ली फॉक यांनी १९७२ च्या कादंबरीत मात्र त्याचं बालपण सविस्तर सांगितलं. बापाची जागा घ्यायचं आधीच ठरलेल्या पोराचं मन कळायला निवांत पानं लागतात हो! वॉकिंग डेडची पहिली कादंबरीही गव्हर्नर हा खलनायक एवढा क्रूर कसा झाला, तेच सांगते.

तेवढ्यासाठी तरी मुलांना ही पुस्तकं वाचू द्यावीत. तुम्हाला काय वाटतं?