शेवटच्या नळाला किती येतं?

'सॉल्टवॉटर पूल' म्हटलं की बहुतेकांना वाटतं, त्यात क्लोरीन नसतंच. आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या गुळगुळीत माहितीपत्रकात तर चक्क 'केमिकल-फ्री' असं छापलं होतं. मंडळी, हे साफ चूक आहे. त्या पाण्यात क्लोरीनच असतं. फक्त ते डब्यातून ओतायच्या ऐवजी तिथल्या तिथे मिठापासून तयार होतं, एवढाच काय तो फरक.

आता थोडं गणित (सवय जात नाही, काय करणार). आमचा तलाव २० मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे २ लाख लिटर पाणी. लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम मीठ, म्हणजे ३५०० पीपीएम. समुद्राच्या पाण्यात ते ३५,००० च्या आसपास असतं, त्यामुळे आपलं पाणी जेमतेम खारट लागतं. तरी हिशोब केला तर ७०० किलो मीठ होतं. पन्नास किलोच्या चौदा गोण्या!

हे पाणी पंपातून एका नळकांड्यात जातं. त्यात टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप. (असा लेप देण्याची युक्ती हेन्री बीअर यांनी १९६० च्या दशकात काढली. आज जगभरचे क्लोरीनचे कारखाने त्यावर चालतात.) वीज सोडली की एका पट्टीवर क्लोरीन बनतं, दुसरीवर हायड्रोजनचे बुडबुडे. क्लोरीन जंतू मारतं आणि आपलं काम करून पुन्हा मीठ होतं. म्हणजे मीठ संपत नाही. वाफेबरोबरही ते जात नाही. ते जातं फक्त गळतीतून, फिल्टर धुताना आणि अंगाला लागून.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्याच्यामुळेच झाली.

तर झालं काय, की डिसेंबरपासून आमच्या मशीनवर 'लो सॉल्ट'चा दिवा लागायला लागला. कमिटीने अगदी सरळ विचार केला: मीठ कमी, तर मीठ घाला. एक गोणी घातली. दिवा चार दिवस गप्प, मग पुन्हा चालू. पुन्हा गोणी. एप्रिलपर्यंत अशा सात गोण्या झाल्या. इकडे पोरांचे डोळे लाल व्हायला लागले, दोन लहान मुलांचे कान दुखले, पाण्याला उग्र वास यायला लागला. आणि मग जे नेहमी होतं तेच झालं. पूल सांभाळणाऱ्या ऑपरेटरवर शंका. "गोण्या विकत असेल", "रात्री मशीन बंद ठेवतो". सर्व्हिसवाला येऊन पाच मिनिटांत निदान करून गेला, की सेल गेला, नवा घ्या. एजीएममध्ये दोन ठराव येणार होते. एक नव्या सेलचा, दुसरा नव्या ऑपरेटरचा. मी 'इंजिनियर आहेस ना, बघ जरा' या कोट्यातून कमिटीत नुकताच ओढला गेलो होतो.

नेमके त्याच आठवड्यात मोठेबाबा चिखलीहून डोळ्यांच्या तपासणीसाठी आले होते. चिखली तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांनी ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर वीसेक वर्षं काम केलं. टाकी भरणं, व्हॉल्व्ह फिरवणं, पाण्यात टीसीएल टाकणं. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच. आपल्याकडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीला ती ठाऊक असते. ताज्या पावडरीत तेहतीसेक टक्के क्लोरीन असतं. पोतं उघडं राहिलं, दमट झालं, की ते उडून जातं. वीस टक्क्यांच्या खाली गेलं की ती पावडर कामाची नाही. पावडर बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं. हे सगळं मी लहानपणी सुट्ट्यांमध्ये बघितलंय.

संध्याकाळी त्यांना पूल दाखवायला नेलं. मशीन, डिस्प्ले, त्यावरचे आकडे.. मी मोठ्या कौतुकाने समजावून सांगत होतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले,

"हा आकडा तं मशीनचा हाये. पाण्याचा कुठी हाये?"

मग म्हणाले, "अन् शेवटच्या नळाले किती येते?"

ज्यांना संदर्भ नसेल त्यांच्यासाठी: गावात क्लोरीन टाकीवर तपासून भागत नाही. टाकीत भरपूर असतं, पण पाइपात जाता जाता घाण, शेवाळ, गळतीतून शिरलेलं गटाराचं पाणी ते खाऊन टाकतं. म्हणून लाइनच्या टोकाला, गावाच्या पार शेवटच्या घरच्या नळाला जाऊन, काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर ठीक. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं असेल, तर वाटेतला गाव सुरक्षित आहे असं मानायचं. आपण ज्याला एंड-टू-एंड टेस्ट म्हणून मिरवतो, ती आमचे मोठेबाबा सायकलवर करायचे. त्यांच्या सर्व्हेत लाल, पिवळं आणि हिरवं कार्डही असतं बरं का. अगदी आपल्या डॅशबोर्डसारखं :)

असो. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. ऑपरेटरदादांना सोबत घेतलं आणि पाणी पंपाजवळ न घेता लांबच्या, उथळ कोपऱ्यातून घेतलं. तिथेच लहान मुलं डुंबतात. किट डीपीडीचं आणलं होतं. ओटी साधारणपणे एकूण क्लोरीन दाखवते, पण त्यातलं जंतू मारायला मोकळं किती हे डीपीडीने कळतं. मोकळं क्लोरीन असायला हवं १ ते ३ पीपीएम. निघालं जवळजवळ शून्य. तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नव्हताच, अपुऱ्या क्लोरीनचा होता. घाम-लघवीतल्या अमोनियाशी जुळून बनलेल्या क्लोरामाइनचा. आणि मीठ? स्वतंत्र मीटरने मोजलं तर ५२०० पीपीएम. 'लो सॉल्ट' म्हणे!

मशीन खोटं बोलत नव्हतं. ते मीठ मोजतच नाही. पट्ट्यांमधून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून मिठाचा अंदाज करतं. थंडीत पाणी गार झालं की वीज कमी वाहते. पट्ट्यांवर थर बसला की आणखी कमी. दोन्ही वेळा मशीन म्हणणार, मीठ कमी. सेल उघडला तर पट्ट्यांमध्ये पांढरा थर गच्च. हंड्याच्या तळाला आणि गीझरच्या कॉइलवर बसतो ना, तोच. वीज वाहताना ऋण पट्टीजवळचं पाणी अल्कधर्मी होतं आणि बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम तिथेच चिकटतो. मशीन मधूनमधून विजेची दिशा उलटवून तो झटकतं, पण आमच्या बोअरच्या पाण्यापुढे त्याचं काही चाललं नाही.

साफ कसा करायचा ते नीट लिहितो, कुणाला तरी उपयोग होईल. आधी मेन स्विच बंद, पंप बंद, दोन्ही व्हॉल्व्ह बंद. सेल काढून एक बाजू बंद करून उभा ठेवायचा. हातमोजे, चष्मा, उघडी हवा. दहा भाग पाण्यात एक भाग हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. पाण्यात अ‍ॅसिड ओतायचं, अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच नाही. फसफस थांबेपर्यंत, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मग भरपूर धुवायचं. स्क्रूड्रायव्हरने खरवडायचं नाही, लेप जातो आणि तो गेला की सेल संपला. त्याच कारणाने दर आठवड्याला हौसेने अ‍ॅसिडही लावायचं नाही. दर महिन्याला उघडून बघायचं, थर असेल तरच धुवायचं. आणि त्या अ‍ॅसिडजवळ ब्लीचिंग पावडर किंवा हायपो चुकूनही आणू नका, विषारी क्लोरीन वायू होतो. ऑपरेटरदादांना आजवर हे काम कुणी दाखवलंच नव्हतं. हातमोजेही दिले नव्हते.

सेल ठणठणीत निघाला. पण गंमत बघा. स्वच्छ पट्ट्यांतून आता इतकी वीज वाहायला लागली, की मशीन 'हाय सॉल्ट' म्हणून बंद पडलं. मीठ उतरवायला एकच उपाय, एक तृतीयांश पाणी काढून नवं भरायचं. म्हणजे ६६ हजार लिटर. मे महिन्यात, दहा हजारी सहा-सात टँकर. खारं पाणी बागेलाही चालत नाही, म्हणजे सरळ गटारात. कमिटीतले दोघे तयार होते. मी चिखलीकडचा, उन्हाळ्यात नळ येण्याच्या दिवसावर घरातले बाकीचे कार्यक्रम ठरताना बघितलेला. माझ्याने ते होईना. मोठेबाबांनी फोनवर ऐकलं आणि म्हणाले, "पाऊस येऊ दे ना बाप्पा. तवर हातानं टाका."

तसंच केलं. महिनाभर मशीन बंद आणि ऑपरेटरदादा रोज संध्याकाळी मोजून हायपो टाकायचे. संध्याकाळी, कारण उन्हात क्लोरीन काही तासांत उडतं. (सायन्युरिक अ‍ॅसिड ३० ते ५० पीपीएम ठेवलं तर ते बरंच टिकतं.) सकाळी उथळ कोपऱ्यात तपासणी, मगच मुलांना आत सोडायचं. जूनपासून पावसाने पूल भरभरून ओसंडला आणि मीठ आपोआप उतरत गेलं. एकही टँकर लागला नाही.

एक राहिलं. ही मशीनं चालताना पाण्याचा पीएच चढत राहतो. ७.५ ला क्लोरीनचा निम्मा भाग जोरकस असतो, ८ ला पाव. चिखलीहून दोनेक तासांवर आमचं लोणार आहे. तिथल्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास. तिथे कितीही क्लोरीन ओतलं तरी त्याचा जोर शेकड्याला एकही उरणार नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा पीएच मोजा.

एजीएममध्ये दोन्ही ठराव बारगळले. त्याऐवजी एक वही आली: तारीख, मोकळं क्लोरीन, पीएच, मीठ, सही. सही ऑपरेटरदादांची. आकडे पाण्याचे, मशीनचे नव्हेत. आणि नमुना कुठून घ्यायचा तो रकाना मी मुद्दाम छापून घेतला: 'उथळ कोपरा'.

हापिसात आमच्या प्रॉडक्टचा डॅशबोर्ड हल्ली कायम हिरवागार असतो. सोमवारी मीटिंगमध्ये मी एवढंच विचारणार आहे, की शेवटच्या नळाला किती येतं?