विसरभोळा एजंट आणि आमची खतावणी

एआय एजंटकडून कोड लिहून घेणाऱ्या प्रत्येकाला एक वाक्य एव्हाना तोंडपाठ झालं असेल: "आधी हा प्रोजेक्ट नीट वाचून घे." काल सांगितलं, परवा सांगितलं, आज परत सांगायचं. पठ्ठ्या हुशार आहे, कामाचा उरकही दांडगा, पण सेशन बंद केलं की पाटी कोरी!

यात त्याचा दोष नाही म्हणा. भाषेच्या मॉडेलला दोन सेशनच्या मधली अशी स्वतःची स्मृती नसतेच. समोर जेवढा मजकूर असेल तेवढंच त्याचं जग. त्यालाच म्हणायचं कॉन्टेक्स्ट विंडो. ती दोन लाख टोकनांची असली तरी जुन्या, अस्ताव्यस्त प्रोजेक्टात दुपारपर्यंत भरते. भरली की आधीच्या बोलण्याचा सारांश करून गाडी पुढे ढकलायची, आणि सारांशातून नेमकी तुम्हाला हवी ती गोष्ट गळते.

यावर सगळेजण आधी एकच उपाय करतात: मार्कडाउन फायली. एजंटलाच सांगायचं, बाबा रे, काय केलंस ते लिहून ठेव. तो आनंदाने लिहितो. आठवड्याभरात प्लॅन, नवा प्लॅन, फायनल प्लॅन अशा डझनभर फायली तयार. त्यातलं खरं काय, शिळं काय, कुणालाच कळत नाही. पाचातले दोन टप्पे झाले असं एका फाईलमध्ये, तर सगळं संपलं असं दुसरीत.

जुन्या दुकानदारांकडे दोन वह्या असायच्या, रोजकीर्द आणि खतावणी. रोजकीर्दीत दिवसभरात जे घडेल ते ओळीने लिहायचं. खतावणीत तेच खात्याप्रमाणे मांडायचं, म्हणजे अमक्याकडे किती येणं आहे ते एका नजरेत दिसतं. मार्कडाउन फायली म्हणजे नुसती रोजकीर्द. आम्हाला हवी होती खतावणी.

आणि हवी होती ती लवकर. आमच्याकडे बिलिंगचं एक जुनं मोड्यूल आहे. ते ज्याने चार वर्षं सांभाळलं त्या मित्राने पेपर टाकले होते आणि नोटिस पिरियडचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. त्या मोड्यूलमध्ये पैसे पूर्णांकात करण्याचा एक विचित्र नियम आहे. बघणाऱ्याला तो बग वाटतो. प्रत्यक्षात एका ग्राहकाच्या करारात तसंच ठरलंय. एजंटने दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगवेगळ्या सेशनमध्ये तो नियम 'दुरुस्त' केला. दोन्ही वेळा रिव्ह्यूमध्ये मित्राने पकडलं. तिसऱ्या वेळी पकडायला तो नसणार होता, आणि चुकीची बिलं ग्राहकाच्या हातात पडल्यावर कुणाची सालटी निघतात हे तुम्हाला सांगायला नकोच.

म्हणून एका वीकांताला बीड्स बसवलं. (बीड्स म्हणजे मणी. बीड जिल्ह्याशी काही संबंध नाही :-) ) स्टीव्ह येगी या जुन्याजाणत्या प्रोग्रामरने हे टूल ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांसमोर आणलं. गो भाषेत लिहिलेलं, ओपन सोर्स, कमांड लाईनवर चालणारं. कमांडचं नाव फक्त दोन अक्षरी: बीडी. वरवर बघितलं तर हा एक साधा इश्यू ट्रॅकर आहे. फरक इतकाच की तो माणसाने क्लिक करण्यासाठी नाही, तर एजंटने वाचण्यासाठी बनवलाय. सुंदर स्क्रीन नाही, मागितलं की सरळ जेसॉनमध्ये उत्तर.

बसवणं सोपं आहे. होमब्रू किंवा एनपीएमची एक कमांड, मग प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये 'बीडी इनिट'. टीममधल्या बाकीच्यांनी अजून होकार दिला नसेल तर त्यात 'स्टेल्थ' हा पर्याय आहे. मग नोंदी तुमच्याच मशीनवर राहतात, सामाईक रिपॉझिटरीत काही जात नाही. प्रत्येक कामाला एक छोटा हॅश आयडी मिळतो. एक-दोन-तीन असे सरळ आकडे का नाहीत? कारण दोन एजंटांनी दोन ब्रँचवर एकाच वेळी काम नोंदवलं तर दोघांचाही नंबर दहाच यायचा, आणि मर्ज करताना बोंब.

खरी गंमत आहे ती कामांमधल्या नात्यांत. 'बीडी डेप ॲड' म्हणून दोन आयडी द्यायचे: पहिलं काम दुसऱ्यावर अवलंबून. क्रम उलटा झाला तर अर्थही उलटा, तेवढं सांभाळा. पुरण शिजल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, तसं. शिवाय नुसतं 'संबंधित' असं नातं आहे, एपिक आणि त्याची पिल्लं असं नातं आहे, आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे 'हे करताना ते सापडलं' असं नातं. एवढं भरलं की 'बीडी रेडी' म्हणायचं. ज्यांच्या वाटेत काहीच आडवं नाही तेवढीच कामं समोर येतात. आम्ही एकेचाळीस कामं भरली होती, रेडीने दाखवली सहा. डोकं एकदम हलकं झालं!

शेवटची पायरी म्हणजे एजंटच्या सूचनांच्या फाईलमध्ये चार ओळी: सुरुवात 'बीडी रेडी'ने कर, नवं काही सापडलं तर नोंदव, काम संपलं की कारण लिहून बंद कर, मार्कडाउनचे प्लॅन लिहू नकोस. सोमवारी कोऱ्या पाटीने आलेल्या एजंटने यादी मागितली, एक काम उचललं आणि मधेच तारखांची एक टेस्ट मोडलेली सापडली, तर तिची वेगळी नोंद केली. आधी अशा वेळी 'हे माझ्यामुळे झालेलं नाही' म्हणून साहेब पुढे निघून जायचे.

आता पथ्यं. हे टूल झपाट्याने बदलतंय. सुरुवातीला नोंदी गिटमधल्या जेसॉनच्या ओळींत आणि सोबत एसक्यूलाईट असायच्या, पुढे सगळं डोल्ट डेटाबेसवर गेलं. त्यामुळे अपडेट करण्याआधी बॅकअप घ्या. ग्राहकांची नावं, पासवर्ड यांना त्यात थारा देऊ नका. आणि सेशन लांबलं की एजंट नोंदी करायला विसरतो, अधूनमधून आठवण द्यावी लागतेच.

पण मुख्य गोष्ट टूलची नाहीच. त्या एकेचाळीस कामांची शीर्षकं भरायला तासभर लागला. वर्णनं भरायला मित्राचे आणि माझे दोन अख्खे शनिवार गेले. कारण प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारत होतो, "हे असं का?" एजंट कोड वाचून 'काय' आणि 'कसं' चटकन सांगतो. 'का' मात्र कोडमध्ये नसतं. ते त्या करारात होतं, तीन वर्षांपूर्वीच्या एका फोनवर होतं, आणि आता फक्त त्याच्या डोक्यात होतं. केटीच्या नावाखाली आपण पन्नास स्लाईड्स बनवतो आणि त्यात हे एकदाही येत नाही. "चार वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं रे," असं तो म्हणाला, तेव्हा मला जरा कसंतरीच झालं. शेजारी बसणाऱ्या माणसासाठी जे आम्ही कधी लिहिलं नाही, ते एका मशीनसाठी दोन शनिवार बसून लिहिलं.

मग सगळं वहीत उतरलं तर उद्या आपली गरज काय, हा प्रश्न मलाही पडतो. त्याचं गोड उत्तर माझ्याकडे नाही. एवढं दिसतंय की 'हा नियम का आहे' ते आता वहीत आहे, पण 'तो अजून ठेवायचा का' हे ग्राहकाशी बोलून ठरवावं लागतं, आणि ते काम सध्या माझ्याकडे आलंय.

तुमच्या टीममध्ये कुणी पेपर टाकले असतील तर स्टेल्थमध्ये एक बीडी इनिट करून बघा. वीस नोंदी पुरेत. प्रत्येकीत 'कारण' म्हणून एक ओळ हवी. तो माणूस अजून शेजारच्या खुर्चीवर आहे तोवर.