बिऱ्हाडकरू

नवी मुंबईतल्या तळवलीच्या इमारतींत, बाथरूमच्या दाराशी किंवा कपाटामागच्या ओलसर भिंतीवर हा हमखास भेटतो. लांबी सेंटिमीटरभर, रंग धुळीचाच, आकार भोपळ्याच्या बीसारखा चपटा. माती चिकटलीय असं समजून झाडू उचलावा, तर माती सरकते. एका टोकातून इवलंसं डोकं बाहेर येतं, पायांच्या तीन जोड्या भिंत धरतात आणि मागचं सगळं घर ओढून घेतात.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असं आपण म्हणतो. पण बिऱ्हाडाचं घर स्वतः बांधणारा हा. ही पतंगाची अळी, फेरेओका प्रजातीतली. लोकरीच्या कपड्यांना लागणारी कसर तिच्याच भावकीतली. तोंडातून रेशीम काढायचं, त्यात धूळ आणि वाळूचे कण जडवायचे. आतून मात्र निव्वळ रेशमाचं अस्तर. अंग वाढलं की घरही वाढवायचं. दोन्ही टोकांना दारं आणि मधे इतकी ऐसपैस जागा, की अळी आतल्या आत उलटून दुसऱ्या दारातून डोकं काढते. जरा धक्का लागला की ती आत ओढली जाते आणि दार मिटतं. ही कारागिरी कितीदा पाहिली तरी मला नवल वाटतं.

खाणं काय, तर जुनी कोळिष्टकं, किड्यांनी टाकलेलं रेशीम, गळलेले केस, मेलेले डास. हवा मात्र दमट लागते. तळवलीच्या एका अंगाला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगाला ठाण्याची खाडी. इथली हवा तिला मानवणारच. पनामात ॲनेट आयेलो यांनी या प्रजातीतल्या एका जातीच्या अळ्या पाळून त्यांचा जीवनक्रम १९७९ साली प्रसिद्ध केला. आपण जिला केराबरोबर सुपलीत भरतो, तिच्यासाठी कुणीतरी एवढा वेळ दिला, याचं मला फार समाधान आहे.

पावसाळ्यात याच भिंतींच्या बाहेरच्या अंगाला, गळक्या पाइपांपाशी नेचे उगवतात. त्यांच्या पानांमागे बीजाणूंचे तपकिरी पुंजके असतात. ब्रिटन-आयर्लंडमध्ये आपल्या अळीच्याच घराण्यातला एक पतंग नेच्यांवर जगतो: सायकॉइडीस फिलिसिव्होरा. त्याची अळी ते पुंजके रेशमाने बांधून त्यांच्याखाली दडते आणि तिथंच जेवते. पतंग जांभळट काळा, दिवसा नेच्यांभोवती भिरभिरणारा. १९३७ साली त्याचं वर्णन केलं एडवर्ड मेरिक यांनी. पेशाने ते शाळामास्तर. याच मेरिकांनी भारतातल्या सूक्ष्म पतंगांवरची लेखमाला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिली होती. हा नेचेखाऊ पूर्व आशियातून, बागांसाठी नेलेल्या नेच्यांबरोबर तिकडे पोचला असावा असा अभ्यासकांचा कयास आहे. म्हणजे तोही बिऱ्हाडकरूच.

आपली अळी वाढ पुरी झाली की भिंतीवर जागा धरते, घर रेशमाने चिकटवते आणि आत कोश होते. अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण अडीच महिने जातात. बाहेर पडतो तो राखाडी, बारीकसा पतंग. ट्यूबलाइटभोवती दिसला तरी त्याचं त्या घराशी नातं कुणाच्या ध्यानात येत नाही. रिकामं घर भिंतीवर लोंबत राहतं. तेही फुकट जात नाही. रेशीमच ते, मागून येणाऱ्या अळ्या खाऊन टाकतात.